सहावी मिश्र तुकडी

१९२० सालच्या शरद ऋतूत युक्रेनमधील पोल्तावा प्रांताच्या शिक्षणखात्याने अंतोन सेम्योनोविच माकारेंको या बत्तीस वर्षांच्या शाळामास्तराच्या गळ्यात बालगुन्हेगारांच्या वसाहतीची कामगिरी घातली, तेव्हा खात्याजवळ त्याला देण्यासाठी ना पुरेसा पैसा होता, ना एखादी नियमावली, ना अनुकरण करावे असा पूर्वीचा दाखला. होती ती पोल्तावा शहरापासून सहा किलोमीटरांवर पाइनच्या रानात पडलेली, खिडक्यादारांपासून फळझाडांपर्यंत सर्व काही आसपासच्या लोकांनी लुटून नेलेली एक जुनी वास्तू. डिसेंबरात पहिले सहा विद्यार्थी दाखल झाले. त्यांपैकी चौघे अठरा वर्षांचे व सशस्त्र घरफोडीबद्दल पाठविलेले, तर उरलेले दोघे वयाने लहान व चोरीबद्दल. लाकूड फोडून आणा म्हटले, तर ते हसत. एके दिवशी माकारेंकोने त्यांतल्या एकाच्या थोबाडीत दिली, आणि पुढे आपल्या ग्रंथात ती गोष्ट लपविण्याचा यत्किंचितही प्रयत्न केला नाही. त्या थोबाडीवर शिक्षणशास्त्रज्ञांनी पुढे इतकी शाई खर्च केली, की वसाहतीत मुले दिवसभर करीत काय, हा अधिक अगत्याचा प्रश्न मागे पडला.

हीच वसाहत पुढे लेखक मक्सीम गॉर्कीच्या नावाने प्रसिद्धीस आली. मुलांच्या पूर्वचरित्राची दप्तरे वाचण्याचे माकारेंकोने लवकरच सोडून दिले, व पुढे तर ती मागविण्याचेही. त्या काळी बालमनाची मोजदाद करून मुलांचे वर्ग पाडणारे एक शास्त्र रशियात जोरात होते, आणि त्या शास्त्राच्या दृष्टीने असला मनुष्य केवळ अडाणी ठरत होता. परंतु मुलाकडे रोगी म्हणून पाहावयाचे नाही असे एकदा ठरविल्यावर त्याच्या हाती काम द्यावयाचे ते औषधाची मात्रा म्हणून देता येत नाही. ते काम खरोखरीच कोणाला तरी हवे असावे लागते. सुदैवाने म्हणा वा दुर्दैवाने, त्या काळच्या पोल्तावात अशा कामांची वाण नव्हती.

पहिले काम रानानेच पुरविले. वसाहतीभोवतीचे जंगल सरकारी होते आणि आसपासच्या वस्त्यांतील लोक रात्री येऊन त्यातील चांगली झाडे बिनदिक्कत तोडून नेत. त्यांना आळा घालण्याची कामगिरी मुलांनी अंगावर घेतली. चोराच्याच हाती किल्ल्या दिल्याचा हा प्रकार शेजाऱ्यांना हास्यास्पद वाटला असल्यास नवल नाही. पण रात्री दबा धरून बसण्याचे जे कसब मुलांनी भलत्या व्यवसायात कमाविले होते, तेच आता सरकारच्या बाजूने उपयोगी पडले, आणि आपण सरकारी मालमत्तेचे रखवालदार आहोत या जाणिवेने त्यांच्या चालण्याबोलण्यात फरक पडला, असे माकारेंकोने लिहून ठेवले आहे. पुढे हीच पोरे गावठी दारूच्या भट्ट्या शोधून फोडण्याच्या मोहिमेवरही त्याच्याबरोबर निघाली. ही मोहीम वाचताना मात्र माझे मन तितकेसे प्रसन्न होत नाही. हाती परवाना असलेला मास्तर, मागे दांडगी पोरे आणि पुढे आपल्या भांड्यांवर पाणी सोडणारा शेतकरी, या देखाव्याला समाजसेवा म्हणावयाचे तर त्या सेवेत हुकूमतीचा अंश फार आहे.

याउलट नाटकाची हकीकत आहे. वसाहतीचा मुक्काम कोलोमाक नदीकाठच्या एका पडीक जमीनदारी वाड्यात हलल्यावर तेथील गिरणीजवळची एक रिकामी कोठी मुलांच्या दृष्टीस पडली, आणि तिच्यात रंगमंच उभारून सुमारे सहाशे प्रेक्षक बसतील असे नाट्यगृह त्यांनी सिद्ध केले. शेजारच्या खेड्यांना हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी दुसरी कसलीही करमणूक नव्हती. एकदोन प्रवेशांचे किरकोळ खेळ लावून वेळ मारून नेणे माकारेंकोला मान्य नव्हते. चारपाच अंकी पुरी नाटके, तीही दर आठवड्याला नवी, असा परिपाठ पडला आणि एका हिवाळ्यात चाळीसच्या आसपास नाटके झाली. तेव्हा पाठांतर कितपत पक्के असेल हे सांगणे नलगे.

वसाहतीत मुलांच्या कायम तुकड्या असत व प्रत्येकीवर एक नायक असे. परंतु एखादे काम निघाले की निरनिराळ्या तुकड्यांतील मुले घेऊन त्या कामापुरती मिश्र तुकडी नेमली जाई आणि काम संपताच ती बरखास्त होई. तिचा नायक बहुधा एखादा साधा मुलगा असे, व कायम तुकडीचा मानकरी नायक त्याच्या हाताखाली निमूटपणे राबे. अधिकार कोणाच्याच अंगात मुरू द्यावयाचा नाही, ही या तजविजीतील खुबी. नाटकाच्या कामाला सहावी मिश्र तुकडी म्हणत आणि तिच्या पोटात नाना खाती होती. नटांचे एक, प्रेक्षकांच्या बंदोबस्ताचे दुसरे. शिवाय पोशाख, देखावे, सामान, उजेड, पडदा व साफसफाई यांची. आवाजांचे खातेही स्वतंत्र होते आणि शेगड्या पेटविणाऱ्यांचेही. या शेवटच्या खात्याला कमी लेखू नये. युक्रेनच्या थंडीत त्या कोठीत ऊब टिकविणे हे नायकाची भूमिका करण्याहून अवघड होते, आणि प्रेक्षक कोट घालून बसलेले असताना पातळ पोशाखातली पात्रे मात्र कुडकुडत संवाद म्हणत. वसाहतीत त्या काळी जेमतेम ऐंशी मुले होती; तेव्हा ज्याच्या वाट्याला काहीच आले नाही असा मुलगा उरणे शक्यच नव्हते. ज्यांच्या नावाने आया पोरांना भिववीत असतील, त्याच मुलांचा खेळ पाहण्यासाठी शेजारच्या खेड्यांतील माणसे बर्फ तुडवीत येत, जागेसाठी भांडत आणि पुढच्या आठवड्याचे नाटक कोणते म्हणून विचारीत.

जवळजवळ याच काळात अमेरिकेतील ओमाहा शहराजवळ, १९१७ साली नव्वद डॉलर उसने घेऊन फादर फ्लॅनॅगन यांनी स्थापिलेल्या बॉइज टाउनची मुलेही खेळ करीतच होती. गाण्याबजावण्याचा ताफा घेऊन ती गाड्यांतून गावोगाव हिंडत, आणि पुढे त्यांचा फुटबॉल संघ व गायकवृंदही देशभर गाजले. तेथील मुलांनी मतदान करून आपला महापौर निवडण्याचा प्रघातही स्तुत्य आहे, व फ्लॅनॅगन हा गृहस्थ तर १९४६ साली आपल्या मायभूमीत, आयर्लंडमध्ये जाऊन तेथील सुधारगृहांतील मारहाणीवर उघड टीका करण्याइतका निर्भीड होता. पण त्या गाड्यांचा हेतू मुख्यतः संस्थेसाठी पैसा उभा करण्याचा होता. अनाथ मुलाने गावे आणि पाहणाऱ्याने कनवटीला हात घालावा, या व्यवहारात देणारा कोण व घेणारा कोण हे आधीच ठरून जाते. फ्लॅनॅगन यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९७२ साली, ओमाहातीलच एका वृत्तपत्राने संस्थेच्या गंगाजळीत वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम साचली असून देणग्यांची आवाहने मात्र चालूच आहेत, हे चव्हाट्यावर आणले व त्यासाठी पुलित्झर पारितोषिक मिळविले. त्यानंतर संस्थेने आपला कारभार पुष्कळच बदलला. कोलोमाककाठच्या प्रेक्षकाजवळ, उलटपक्षी, दया दाखविण्याची ऐपतच नव्हती. तो नाटकासाठी आलेला असे.

१९२६ साली गॉर्की वसाहत खारकोव्हजवळ कुर्‍याझच्या जुन्या मठात गेली. १९२८ च्या मे महिन्यात दिवंगत लेनिनच्या पत्नी क्रुप्स्कायाबाईंनी कम्युनिस्ट युवक संघटनेच्या अधिवेशनात वसाहतीच्या शिस्तीवर कठोर टीका केली. जुलैत खुद्द गॉर्की तेथे पाहुणा म्हणून येऊन गेला, आणि त्यानंतर थोड्याच अवधीत माकारेंकोला ती सोडावी लागली. दुसरी संस्था त्याच्या हाती होतीच. गुप्त पोलिसांनी आपल्या पगारांतून वर्गणी काढून उभारलेली व त्यांच्याच आद्य प्रमुखाचे, झेर्झिन्स्कीचे, नाव धारण करणारी ती वसाहत होती. तेथे मुलांनी विजेची छिद्रयंत्रे बनविली, आणि १९३४ पासून जर्मन लायकाच्या धर्तीवर ‘फेड’ नावाचे कॅमेरे. त्या नावात झेर्झिन्स्कीचीच आद्याक्षरे आहेत. मुलांना वेतन मिळे, शाळा चाले, वाद्यवृंद होता, उन्हाळ्यात दूरदूरच्या सफरी निघत. हे सर्व नेत्रदीपक खरे. पण कॅमेरा जो विकत घेई तो मुलांना कधी दिसत नसे, आणि कारखान्याचा जमाखर्च वरच्या कचेरीला सादर होई. १९३२–३३ साली खारकोव्ह व पोल्तावा या दोन्ही मुलखांतील खेडी सरकारी धान्यवसुलीने ओढवलेल्या दुष्काळात अन्नान्न करून मेली. माकारेंकोच्या ‘पेडॅगॉजिकल पोएम’चा पहिला भाग १९३३ सालीच छापून निघाला, आणि त्या ग्रंथात कोठीच्या दाराशी जागेसाठी भांडणारे शेतकरी आहेत ते दहा वर्षांपूर्वीचे.