साठ टक्के म्हणजे किती?

१८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्या गाठीशी विद्यापीठाची एकही गुणपत्रिका नव्हती. अठरा वर्षांच्या त्या मुलीने आपण काय शिकलो आणि डॉक्टर का व्हायचंय, हे पत्रात लिहिलं. कॉलेजने ते मान्य केलं.

पुढे पत्राची जागा टक्क्यांनी घेतली आणि घोळ सुरू झाला. महाराष्ट्रात साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. पुण्याच्या इंजिनीअरला ६६ मिळाले की डिस्टिंक्शन, आणि घरी पेढे. इंग्लंडात फर्स्ट क्लास सत्तरला सुरू होतो. अमेरिकेत तर ९० च्या पुढे 'ए', आणि साठच्या घरातले गुण मिळवणारा विद्यार्थी 'डी'त, म्हणजे जेमतेम काठावर. इकडचा पेपर तपासणारा हात आखडता घेतो, हे तिकडच्या प्रवेश समितीला सांगणार कोण?

ते सांगणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कची 'वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस' १९७४ ची. परदेशी गुणपत्रिका वाचून त्यांचं अमेरिकी भाषांतर करणं हेच तिचं काम. आपल्याकडचे साठच्या वरचे गुण तिथे बहुधा 'ए' ठरू लागले आणि पेढ्यांची लाज राखली गेली.

तोवर इकडे ट्रान्सक्रिप्टचं एक वेगळंच प्रकरण होतं. आठही सेमिस्टरच्या मार्कशीटच्या झेरॉक्स, त्यावर सही-शिक्का, मग लिफाफा बंद करून चिकटवलेल्या जागेवर पुन्हा आडवा शिक्का. जितकी विद्यापीठं तितके लिफाफे. त्यातला एखादा उत्सुकतेने उघडला, की तो बाद.

लिफाफे हळूहळू गेले, घोळ मात्र वाढला. कारण टक्केच गेले. आयआयटीत दहापैकी गुणांक जुनाच होता. मुंबई विद्यापीठाने काही वर्षं सातपैकी श्रेणी दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास दहाची श्रेणी सर्वत्र न्यायला घेतली. आता फॉर्मवर टक्के मागितले तर काढायचे कसे? सीबीएसईने दहावीसाठी ९.५ ने गुणायला सांगितलं होतं. तो आकडा दहावी ओलांडून पदवीच्या अर्जांतही घुसला, कारण तो सोयीचा होता. तंत्रशिक्षण परिषदेचं, म्हणजे एआयसीटीईचं, सूत्र कंजूष: गुणांकातून ०.७५ वजा करा आणि दहाने गुणा. साडेसातचे पहिल्या हिशेबाने ७१.२५ टक्के, दुसऱ्याने ६७.५. मुलगी तीच, पेपर तेच.

खरी गंमत जर्मनीत. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. रूपांतराला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणून एक मिळवायचा. आपल्या मुलीचे साडेसात थेट घातले आणि चार हा पासचा आकडा धरला, तर उत्तर २.२५. आधी एआयसीटीईच्या सूत्राने ६७.५ टक्के काढून, चाळीसला पास धरून तेच सूत्र लावलं, तर २.६२. प्रवेशाची मर्यादा २.५ असेल, तर एका वाटेने दार उघडतं, दुसरीने बंद. पासची रेषा चाळीसऐवजी पन्नास असती तर ६७.५ टक्क्यांचे २.९५ झाले असते. म्हणजे कडक विद्यापीठात शिकल्याची शिक्षाच. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीने भारतीय विद्यार्थ्यांना 'एपीएस' प्रमाणपत्र सक्तीचं केलं, पण त्यात तपासतात ती कागदपत्रांची सत्यता. हे भागाकार त्याने मिटत नाहीत.

दरम्यान बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांनीच या गणितातून अंग काढून घेतलं. चारपैकी गुणांकाच्या अमेरिकी मापात रूपांतर करू नका, ट्रान्सक्रिप्टवर आहे तेच लिहा, अशी सूचना आता त्यांच्या फॉर्मवर दिसते. त्यामुळे मुलं '७.५' लिहितात, 'पैकी'च्या चौकटीत १० भरतात आणि मार्कशीटची मागची बाजूही न विसरता स्कॅन करतात. श्रेणीचा तक्ता तिथेच छापलेला असतो, बारीक टायपात.