शाळा सुटल्यावरचे तास कोणत्या खात्यात?

(लेखांक ७)

पेणजवळच्या रामवाडीचं नाव रायगडभर एसटीमुळे माहीत आहे; महामंडळाचं विभागीय कार्यालय तिथेच आहे. शाळा सुटल्यानंतर मुलांसाठी अभ्यासवर्ग, वाचनालय किंवा खेळ सुरू करायचं ठरलं, की पहिली अडचण एसटीचीच निघते. गावाकडे जाणारी शेवटची सोयीची गाडी पाचची असेल, तर सहापर्यंत चालणाऱ्या वर्गाला मुलगी थांबणार कशी? अहिल्यादेवी होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना मोफत पास मिळतो. पण वेळेवर गाडीच नसेल, तर पास दप्तरातच राहतो.

गेल्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीचे अधिकार पाहिले. ही समिती शाळेचा विकास आराखडा करू शकते, बसची वेळ मात्र बदलू शकत नाही. शाळेनंतरच्या दोन-तीन तासांचा संबंध शिक्षण, परिवहन, महिला व बालविकास आणि आदिवासी विकास अशा चार खात्यांशी येतो. म्हणूनच ते कोणाचेच नसतात.

कायदाही इथे गप्प आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले. शिक्षकांनी खासगी शिकवण्या घ्यायला याच कायद्याच्या कलम २८ने मनाई केली, आणि ते योग्यच झालं. पण ज्यांना शिकवणी परवडत नाही आणि ज्यांच्या घरी अभ्यास घेणारं कोणी नाही, त्या मुलांनी घंटेनंतर कुठे जायचं, हे कायद्यात नाही. १९४८च्या कारखाना अधिनियमात ठरावीक संख्येपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघराची तरतूद आली, ती सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. केंद्राची ‘पाळणा’ योजनाही सहाव्या वर्षाशीच थांबते. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्या आईचं मूल सातव्या वर्षी अचानक स्वावलंबी होतं, असाच सरकारचा समज असावा!

पैशाचं गणित आणखी वेगळं. आमदारांच्या स्थानिक विकास निधीची मर्यादा वर्षाला पाच कोटी रुपये आहे, पण तो टिकाऊ कामांसाठी असतो. त्यातून अभ्यासिकेची खोली होते. तिथे रोज बसणाऱ्या ताईचं मानधन निघत नाही. गावोगाव फलक लावलेल्या आणि कुलूप घातलेल्या खोल्या दिसतात, त्याचं मोठं कारण हे आहे. ‘साहेब, एक खोली द्या’ ही मागणी लगेच मान्य होते आणि बहुतेकदा तिथेच संपते.

रायगडात हा प्रश्न कातकरी वाड्यांवर सर्वांत तीव्र होतो. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांना मागे ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिच्या मुळाशी संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी आहे. १९९०च्या दशकात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या ‘विधायक संसद’ या संस्थेने वसई-भिवंडीकडच्या भट्ट्यांवर भोंगाशाळा, म्हणजे मजुरांच्या मुलांसाठी झोपडीतल्या शाळा, चालवल्या. तिथे काम आधी उभं राहिलं आणि सरकारकडे मागणी त्या कामाच्या बळावर गेली. पुढे २००९ साली विवेक पंडित स्वतः वसईतून आमदार झाले.

परदेशातही पैसा आपोआप आलेला नाही. कॅलिफोर्नियात २००२ साली मतदारांनी ‘प्रस्ताव ४९’ मंजूर केला. त्याचे पुढारी होते आर्नोल्ड श्वार्झनेगर, तेव्हा केवळ सिनेनट. त्यातून शाळेनंतरच्या कार्यक्रमांसाठी वर्षाला ५५ कोटी डॉलरची हमी मिळाली. २०१७ साली अमेरिकी अध्यक्षांच्या अंदाजपत्रकाने अशाच कार्यक्रमांचा केंद्रीय निधी पूर्ण बंद करायचा प्रस्ताव ठेवला, तरी तिथल्या संसदेने तो निधी कायम ठेवला. कार्यक्रम चालवणाऱ्या संस्था लोकप्रतिनिधींना वर्षानुवर्षं वर्गात बोलावून मुलांशी बोलायला लावत आल्या होत्या. पेण-रोह्यातही हे जमण्यासारखं आहे. फक्त पाहुण्यांसाठी स्टेज आणि हारतुरे टाळावे लागतील.

आता नेमकं कोणाकडे जायचं? रोहा तालुका विधानसभेच्या एकाच मतदारसंघात नाही, त्यामुळे आपलं गाव कोणत्या मतदारसंघात येतं हे आधी पाहावं. पेणचे आमदार रवीशेठ पाटील सभागृहात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी मांडू शकतात. श्रीवर्धनच्या आमदार अदिती तटकरे महिला व बालविकास मंत्री आहेत. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. म्हणून त्यांच्याकडे प्रश्नाचा मसुदा नेण्यात अर्थ नाही. योजनेच्या मागणीचं निवेदन न्यावं. विधान परिषदेच्या कोकण शिक्षक मतदारसंघाला तर फारसं कोणी विचारतच नाही. तिथे मतदान शिक्षकांचं असलं, तरी त्या आमदारांना शाळेबद्दल प्रश्न विचारायला कोणाची आडकाठी नाही.

निवेदनात ‘मुलांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी’ वगैरे लिहून जागा घालवू नये. शाळेचं नाव, घंटेनंतर थांबू शकणाऱ्या मुलांची संख्या, त्यांतली बसने जाणारी किती, मानधनाला महिन्याला किती लागतील आणि बस किती वाजता हवी, एवढं एका पानात मावतं. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि रामवाडीच्या एसटी कार्यालयालाही द्यावी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते यंदा कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारावं. विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चच्या सुमारास असतं आणि खात्यांच्या मागण्या त्याआधीच तयार होतात. तेव्हा पेण-रोह्याच्या पालकांनी ही निवेदनं दिवाळीच्या सुट्टीतच लिहायला घ्यावीत.