काळोखांतील ठेव : घरगुती मद्यतळघराची बांधणी व सजावट

इंग्लंडांतील सुखवस्तु घराण्यांत पूर्वीं एक रिवाज असे. मुलगा जन्मास आला, कीं त्याचा बाप किंवा धर्मपिता पोर्तुगालमधील पोर्ट नांवाच्या द्राक्षमद्याचें एक मोठें पिंप विकत घेई. त्या पिंपांतून सुमारें सातशें बाटल्या भरत. त्या तळघरांत आडव्या रचून ठेवीत, आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाला म्हणजे पहिल्या बाटलीचें बूच काढीत. देणगी देणारा तोंवर हयात राहील, याची शाश्वती नसे. मधल्या एकवीस वर्षांत त्या ठेवीची राखण कोण करी? ती राखण तळघर करी. त्यानें आपलें काम नीट केलें कीं नाहीं, हें मात्र बूच निघेपर्यंत कोणासही कळत नसे. आणि कळलें तेव्हां चूक सुधारण्याची वेळ निघून गेलेली असे. तळघर बांधणारानें व सजविणारानें ही एक गोष्ट सतत ध्यानांत बाळगली पाहिजे.

वाइन बाटलींत भरली, म्हणजे तिची घडण संपली असें नाहीं. द्राक्षाच्या सालींतून व बियांतून आलेलीं तुरट द्रव्यें, आम्लें आणि मद्यार्क यांची एकमेकांवर संथ क्रिया चालूच राहते. तांबडी वाइन वर्षानुवर्षें मुरली, म्हणजे तिचा जांभळा रंग विटेसारखा होत जातो, तुरटपणा निवळतो आणि तळाशीं गाळ बसतो. या क्रियेंत हवेंतील प्राणवायूचा मोठा वांटा असतो, आणि वाइन नासते ती सूक्ष्म जंतूंमुळें, हें फ्रान्समधील लुई पाश्चर यानें १८६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें. प्राणवायु कणाकणानें मिळाला तर वाइन मुरते. एकदम मिळाला तर ती बिघडते.

उष्णतेचेंही तसेंच. उष्णतामान दहा अंशांनीं वाढलें, कीं रासायनिक क्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणून १२-१३ अंश सेंटिग्रेडवर जी वाइन सावकाश पक्व होते, ती पंचवीस अंशांवर घाईनें म्हातारी होते. याहून घातक असते ती उष्णतेची चढउतार. पाऊण लिटरची बाटली तेरा अंशांवरून पस्तीस अंशांपर्यंत तापली, तर आंतील द्रव सुमारें पांच मिलिलिटरनें फुगतो आणि बुचावर आंतून दाब येतो. पुनः थंडावा आला, कीं द्रव आकसतो व बाहेरची हवा आंत ओढली जाते. असें रोज घडूं लागलें, म्हणजे बाटली जणूं श्वासच घेऊं लागते. आणि ज्या वाइनला श्वास लागला, तिचें आयुष्य थोडें.

बूच हें कॉर्क-ओक नांवाच्या झाडाच्या सालीचें असतें. जगांतील निम्म्याच्या आसपास कॉर्क एकट्या पोर्तुगालांत होतें, आणि एकदां साल काढल्यावर त्या झाडाला पुनः नऊ वर्षें हात लावीत नाहींत. असें बूच ओलें असेपर्यंत फुगून घट्ट बसतें. वाळलें कीं आक्रसतें. म्हणून बाटली आडवी ठेवावयाची, म्हणजे आंतील बाजू भिजलेली राहते. आणि खोलींतील हवेंत शेंकडा ६० ते ७५ आर्द्रता ठेवावयाची, म्हणजे बाहेरील बाजू सुकत नाहीं. हवा याहून दमट झाली, तर बुचास नव्हे तरी कागदी लेबलांस बुरशी चढते. ज्या बाटल्यांना धातूचें फिरकीचें झांकण असतें, त्या उभ्या ठेविल्या तरी चालतात.

या सर्व गोष्टी फ्रान्समध्यें जमिनीखालीं आपोआप मिळतात. पॅरिस येथील वेधशाळेच्या खालीं सुमारें अठ्ठावीस मीटर खोल भुयारें आहेत. तेथें १७८३ सालीं लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञानें तयार केलेला उष्णतामापक बसविण्यांत आला, आणि बाहेर बर्फ पडो वा ऊन तापो, भुयारांतील पारा बारा अंशांच्या किंचित् खालीं जवळजवळ स्थिर राहतो असें दिसून आलें. रीम्स शहराच्या पोटांत रोमन अमदानींत खणलेल्या खडूच्या दगडाच्या खाणी आहेत. पुढें शँपेन साठविण्यास त्याच उपयोगी पडल्या. २०१५ सालीं युनेस्कोनें त्या परिसरास जागतिक वारशाचा मानही दिला. साध्या घराखालचें तळघर दोन-तीन मीटरच खोल असतें. तेथें ऋतूंचा परिणाम पोंचतो, पण तो मंदावून व कांहीं महिने उशिरानें. तळाशीं कच्ची माती व वर खडी, भिंतींना चुन्याची सफेदी आणि हवा खेळण्यास एक लहानसा झरोका, एवढ्यावर तेथील गृहस्थाचें काम भागतें. हवा कोरडी झालीच, तर तो खडीवर पाणी शिंपडतो.

हीच रचना पुण्यास किंवा नाशिकास जशीच्या तशी केली, तर फसगत होते. खोल जमिनीचें उष्णतामान हें त्या गांवच्या वार्षिक सरासरी उष्णतामानाच्या जवळपास असतें. पॅरिसची सरासरी बारा अंशांच्या आसपास. पुण्याची सुमारें पंचवीस, मुंबईची सत्तावीसच्या घरांत. येथें कितीही खोल खणलें, तरी पंचविसाच्या खालीं फारसें जातां येणार नाहीं. उन्हाळ्यांत तळघरांत उतरल्यावर गार वाटतें तें बाहेर चाळीस अंश असतात म्हणून. वाइनला तो गारवा पुरत नाहीं. महाराष्ट्रास भूमिगत कोठाराची विद्या अवगत नव्हती, असें मात्र नाहीं. सांगलीजवळच्या हरिपूरचीं हळदीचीं पेवें प्रसिद्धच आहेत. २००५ च्या महापुरांत त्यांची मोठी हानि झाली. परंतु पेवाचें तत्त्व निराळें. तेथें कोरडेपणा व हवाबंदपणा यांवर माल टिकतो; वाइनला दमटपणा हवा आणि थंडावा हवा. ज्या देशाचें जें पीक, त्याचें तसें कोठार.

तेव्हां उष्ण प्रदेशांत खणण्याचा खर्च वांचवावा आणि तो भिंतींवर करावा, हें शहाणपणाचें. घराच्या उत्तरेकडील किंवा मधली, पश्चिमेचें ऊन न लागणारी लहान खोली निवडावी. भिंती, छत व जमीन या साही बाजूंस उष्णतारोधक फळ्यांचें जाड अस्तर द्यावें. या अस्तराच्या बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूस बाष्परोधक पडदा अखंड बसवावा. तो आंतल्या बाजूस बसविला, तर पावसाळ्यांतील दमट हवा अस्तरांत शिरून तेथेंच पाणी धरते, आणि दोन-चार वर्षांत अस्तर कुजून निरुपयोगी होतें. हा दोष वरून दिसत नाहीं. दार शीतकपाटाच्या दाराप्रमाणें सर्व कडांनीं घट्ट बसणारें असावें. दिवाणखान्यांतील साधें वातानुकूलन यंत्र येथें चालत नाहीं. तें सहसा सोळा-अठरा अंशांच्या खालीं उतरत नाहीं आणि हवा कोरडी करतें. तळघरासाठींच केलेलें यंत्र घ्यावें, आणि वीज गेल्यास काय करावयाचें याचाही विचार आधींच करावा. अस्तर चांगलें असेल, तर कांहीं तास खोली आपला थंडावा धरून ठेवते.

सजावटीचा विचार यानंतर. फ्रेंच तळघराची शोभा विटांच्या कमानींत व चुन्याच्या भिंतींत आहे, आणि ती गरजेंतून आलेली आहे. हल्लीं हौसेनें जे प्रकार केले जातात, त्यांतील पुष्कळ वाइनचे वैरी असतात. पहिला वैरी प्रकाश. त्यानें वाइनमधील गंधकयुक्त द्रव्यांचें विघटन होऊन दुर्गंधि उत्पन्न होते; म्हणून तर बाटल्या गडद हिरव्या कांचेच्या करतात. दिवे मंद व थंड असावेत आणि काम संपतांच मालवावेत. दिवाणखान्यांतून बाटल्या दिसाव्यात म्हणून कांचेची भिंत करावयाचीच असेल, तर ती दुहेरी कांचेची असावी, आणि तिच्यावर ऊन कधींही येऊं नये. एकेरी कांचेवर पावसाळ्यांत घाम सुटतो. दुसरा वैरी वास. ताजा रंग, रोगण, घासलेट, कांदे, डांबराच्या गोळ्या यांना तेथें थारा देऊं नये. सागाच्या मांडण्या उत्तम. पण त्यांना झगझगीत रोगण नको. गालिचे व पडदे बुरशीस आमंत्रण देतात. यंत्राची धडधड मांडणीस पोंचूं देऊं नये, नाहींतर गाळ खालीं बसत नाहीं.

मांडणीचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक बाटलीस नऊ सेंटिमीटर रुंद व तितकाच उंच कप्पा धरला, तर नव्वद सेंटिमीटर उंचीरुंदीच्या चौकटींत शंभर बाटल्या मावतात. भरलेली बाटली सव्वा किलोची धरली, तर शंभर बाटल्यांचें वजन १२५ किलो होतें. मांडणी भिंतीस पक्की जखडली पाहिजे. जवळ एक उष्णतामापक, एक आर्द्रतामापक आणि एक वही असावी. वहींत बाटलीचें गांव, साल, किंमत, ठेवल्याची तारीख आणि केव्हां उघडावी याचा अंदाज लिहावा. सर्व सजावटींत ही वही अधिक मोलाची, कारण तिच्यामुळें बाटल्या उगाच हलवाव्या लागत नाहींत आणि एखादी कोपऱ्यांत विसरली जात नाहीं.

शेवटीं एक प्रश्न उरतो : हा खटाटोप खरोखर हवा काय? बाजारांतील बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठींच केलेली असते. ती मुरवून कांहीं लाभ नाहीं. महाराष्ट्रांत शासनानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केल्यावर नाशिककडे या धंद्यानें जोर धरला. तथापि १९४९ च्या मद्यनिषेधाच्या कायद्यान्वयें मद्य बाळगण्यास परवाना लागतो, आणि किती बाळगावें यासही मर्यादा आहे. पांच-पंचवीस बाटल्यांस एक लहान शीतकपाट पुरतें. ज्याला दहा वर्षें थांबण्याची हौस आहे, त्यानेंच तळघराच्या वाटेस जावें. त्यानें पैसा आधीं अस्तरावर, मग यंत्रावर आणि उरला तर कमानीवर खर्चावा. पाहुण्यांस कमान त्याच दिवशीं दिसते. अस्तराची साक्ष देण्यास मात्र मुलगा एकवीस वर्षांचा व्हावा लागतो.