शनिवार की रविवार?

नागपुरात सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये रविवारी उपासना होते. पुण्याच्या स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठात ती शनिवारीच आटोपलेली असते. दोघेही ख्रिस्तीच! दहा आज्ञांत शब्बाथ सातव्या दिवसाचा, म्हणून अ‍ॅडव्हेंटिस्ट शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत कामधंदा बंद ठेवतात. बाकीचे म्हणतात, येशूचे पुनरुत्थान रविवारचे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचे फर्मानच काढले.

वाद शास्त्राचा, चटका पोटाला. शनिवारी परीक्षा आली तर? आमच्या बँकांत २०१५ पर्यंत सगळेच शनिवार कामाचे. मग शनिवार पाळणाऱ्याने ती नोकरी धरावी कशी? मूळचा शब्बाथ ज्यूंचा. कोकणातल्या बेने इस्रायलींनी शनिवारी तेलाचा घाणा थांबवला. लोकांनी त्यांना नावच दिले, शनवार तेली.