तातारा भट्टीचे शेवटचे चोवीस तास

सकाळी सहा. जपानच्या शिमाने प्रांतातलं ओकुइझुमो. बाहेर जानेवारीची हाडं गोठवणारी थंडी, आत मातीची तातारा भट्टी दोन दिवस आणि दोन रात्री अखंड पेटलेली. लांबट हौदासारखा तिचा आकार. सुमारे सत्तर तासांत तिच्या पोटात 10 टन लोहवाळू आणि 12 टन लोणारी कोळसा जातो. हाती येतो अडीच टनांच्या आसपासचा एकच गोळा, केरा. तलवारीला लायक पोलाद, म्हणजे तामाहागाने, त्यातला थोडाच भाग.

साडेसहा, सात, साडेसात. दर अर्ध्या तासाला भरणी. सुपांतून कोळसा ओततात आणि लाकडी फावड्याने लोहवाळू पसरतात. वाळू किंचित ओलसर ठेवलेली असते. ती सगळीकडे सारखी टाकून चालत नाही. कुठे किती, हे मुरागे, म्हणजे भट्टीचा मुख्य कारागीर, ज्वाळेचा रंग आणि उंची बघून ठरवतो. अधूनमधून तो वाकून तळाशी असलेल्या वाऱ्याच्या भोकांतून आत बघतो, कान लावतो. वाळू कोळशाशी भिडून वितळतानाचा आवाज त्याला ओळखीचा असतो.

दुपारी बारा. भट्टीच्या भिंती आतून झिजत चालल्यात, आणि त्या झिजायलाच हव्यात. भिंतीतली माती वितळून लोहवाळूतल्या मळाशी एकजीव होते, नको ते घटक त्यात जातात आणि मळ वाहून निघतो. म्हणूनच तातारावाले आधी माती, मग वारा आणि शेवटी मुरागे असा क्रम लावतात. कोळशात गंधक जवळपास नसतं, त्यामुळे पोलाद शुद्ध उतरतं. दगडी कोळशाच्या कोकवर हे साधणं अवघड.

दुपारी चार. मळ बाहेर काढतात, लालभडक ओघळ. एकेकाळी भाते पायाने चालवत. आता ते काम यंत्र करतं. ती पायांची मेहनत गेल्याचं मला दुःख नाही. जपायचं होतं ते मुरागेचं ज्ञान, आणि तेच जवळपास गेलं होतं. पाश्चात्त्य झोतभट्ट्यांपुढे 1920च्या दशकात ताताराचा व्यवसाय संपला. युद्धकाळात लष्करी तलवारींसाठी इथे भट्टी पुन्हा पेटली, 1945 मध्ये तीही विझली. त्यानंतर भट्टी पुन्हा पेटली ती थेट 1977 मध्ये. तेव्हा युद्धकाळातले मुरागे अबे योशिझो हयात होते, म्हणून पुढे मुरागे झालेल्या किहारा आकिरांना त्यांच्या शेजारी उभं राहून शिकता आलं. बत्तीस वर्षांची ती दरी आणखी दहा-पंधरा वर्षांनी रुंदावली असती, तर नोंदी उरल्या असत्या. पण ज्वाळा वाचणारं कोणी उरलं नसतं. या गोष्टीचा विचार केला की मला आजही धडकी भरते.

रात्री दहा, अकरा, बारा. भरणी चालूच. डोळे चुरचुरतात, झोप आलटून पालटून. भिंती पातळ झाल्या की आणखी तग धरत नाहीत. किती वेळ ताणायचं, हा निर्णय एकट्या मुरागेचा.

पहाटे पाच. वारा बंद. आकड्यांनी भिंती पाडतात, धग चेहऱ्यावर येते. तळाशी पडलेला लालबुंद केरा साखळदंडांनी ओढून बाहेर काढतात.

निवल्यावर तो फोडला जातो. फुटलेल्या बाजूची चकाकी आणि कण पाहून तुकड्यांची प्रत ठरते. उत्तम तामाहागानेत कार्बन एक ते दीड टक्का असतो. तिथून ते देशभरच्या तलवार घडवणाऱ्यांकडे रवाना होतं.