रणगाडा, जवान आणि बारा सेकंद

रणगाडा म्हटला की चाळीस-पन्नास टनांचं धूड डोळ्यासमोर येतं. पायदळातल्या जवानाकडे मात्र पाठीवर मावेल तेवढंच सामान. या दोघांची गाठ पडली तर काय? १९६५ च्या असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडले, पण त्यात ते स्वतः शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अशा तोफेला रणगाड्याच्या बरंच जवळ जावं लागतं आणि पहिला गोळा सुटला की आपली जागा उघडी पडते.

मग तारेची क्षेपणास्त्रं आली. आपल्या पायदळातलं 'मिलान' त्याच जातीचं. मूळ फ्रान्स-जर्मनीचं, आपल्याकडे भारत डायनॅमिक्सने बनवलं. उडताना ते मागे बारीक तार सोडत जातं. जवानाने दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरून ठेवायची, बस्स. क्षेपणास्त्र किती सरकलं ते उपकरण मोजतं आणि दुरुस्ती तारेतून पाठवतं. कंट्रोल सिस्टिमचा पेपर दिलेल्यांना हा क्लोज्ड लूप लगेच ओळखू येईल.

गोम अशी की या लूपमधला एक घटक हाडामांसाचा आहे. दोन किलोमीटरला बारा-तेरा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ जवानाने जागचं हलायचं नाही. १९७३ च्या युद्धात इजिप्तच्या सैनिकांनी रशियन 'सॅगर' वापरून इस्रायली रणगाड्यांना हैराण केलं. पण इस्रायली लवकरच शिकले. क्षेपणास्त्र जिथून निघालं तिकडेच गोळ्यांचा मारा करायचा. माणूस दचकला की नेम गेला!

यावर उपाय म्हणजे डोळा क्षेपणास्त्राच्याच नाकात बसवायचा. हा डोळा उष्णतेचं चित्र बघतो. सोडण्याआधी लक्ष्य त्यावर 'लॉक' केलं की पुढचं काम त्याचं. जवान उठून पळायला मोकळा. आपल्या 'नाग'मध्ये हेच तंत्र आहे, पण नागचं वजन चाळीस किलोच्या वर, त्याला चिलखती गाडी लागते. म्हणून डीआरडीओने पायदळासाठी हलकं क्षेपणास्त्र बनवायला घेतलं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याची चाचणी आपल्या महाराष्ट्रातच, नगरच्या (आताचं अहिल्यानगर) रेंजवर झाली. रणगाडा दलाची शाळाही त्याच गावात!

या क्षेपणास्त्राचं वजन साधारण साडेचौदा किलो. घरच्या सिलिंडरमध्ये गॅस भरतात १४.२ किलो, त्यावरून अंदाज करा. नेम धरायचं उपकरण वेगळं, ते दुसऱ्याच्या पाठीवर. पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीतून एवढं ओझं घेऊन कोसभर चालून बघा, म्हणजे डिझायनर एकेक ग्रॅमसाठी का भांडतो ते कळेल.

आणखी एक गंमत. मुख्य मोटर नळीतच पेटली तर मागचा जवान भाजेल. म्हणून आधी एक छोटी मोटर क्षेपणास्त्राला नुसतं बाहेर ढकलते आणि ते थोडं पुढे गेल्यावर मोठी पेटते. रणगाड्याचं पोलाद समोरून सर्वांत जाड, छताला पातळ. त्यामुळे हे वर चढून डोक्यावरही उतरू शकतं. चिलखतावर स्फोटक विटांचा थर असेल तर पहिला छोटा स्फोट ती वीट उडवतो आणि दुसरा मोठा पोलाद भेदतो. अनेकांना वाटतं की पोलाद वितळतं. तसं नाही. स्फोटाने धातूची अतिवेगवान धार तयार होते आणि त्या दाबापुढे पोलाद चिखलासारखं बाजूला सरतं.

खरी डोकेदुखी त्या डोळ्याची. तो तापमानातला फरक बघतो, आणि भर उन्हाळ्याच्या दुपारी वाळूही तापलेली, रणगाडाही तापलेला. मग ओळखायचं कशावरून? मे महिन्यात आपल्या होस्टेलच्या गच्चीवर पत्रा आणि फरशी सारखेच चटके देतात, तशातली गत. पोखरणच्या उन्हाळी चाचण्यांत नागला याच गोष्टीने रडवलं होतं आणि जास्त संवेदनशील डोळा बनवण्यात काही वर्षं गेली.

दरम्यान सीमेवरची गरज थांबत नाही. २०१९ मध्ये सैन्याने इस्रायलकडून 'स्पाइक' क्षेपणास्त्रं मर्यादित संख्येत विकत घेतली. आपल्या हलक्या क्षेपणास्त्राच्या चाचण्या पुढे चालूच राहिल्या. एप्रिल २०२४ मध्ये पोखरणला दुहेरी स्फोटकासह त्या झाल्या.