ढोल वाजण्याआधीची तयारी

फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’चं नाव शिक्षणाची आस्था असलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. शाळेला ज्यांचं नाव दिलं, त्या कमलाताईंचं आयुष्यभराचं काम मात्र वेगळंच होतं. मूळच्या अमेरिकन असलेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, देशातली पहिली शाळा सुरू केली. जेवण, आंघोळ, कपडे, खेळ ही रोजची कामं माणसाला जमावीत, यासाठीची ही विद्या. आज ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाप याच उपचाराच्या दाराशी येतात.

तक्रार ठरलेली असते: कुणात मिसळत नाही, हाक मारली तरी बघत नाही. जाणता थेरपिस्ट आधी विचारतो, तो घाबरतो कशाला? मिक्सरचा आवाज, शर्टाच्या कॉलरचं लेबल, शाळेचा अचानक बदललेला रस्ता. भेदरलेल्या पोराला ‘काकांना नमस्कार कर’ शिकवून काय होणार? नजरेला नजर द्यायची सक्ती तर मला सरळ अन्याय वाटते. भीती उतरली की ओळखीच्या एका मुलाबरोबर आळीपाळीने चेंडू टाकण्यापासून सुरुवात करता येते.

सांगली संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी असतं. अशा मिरवणुकीला या मुलाला न्यायचं, तर तयारी काही आठवडे आधीच सुरू करावी लागते. गेल्या वर्षीचे फोटो क्रमाने लावायचे: घर, रिक्षा, गर्दी, गणपती, परत घर. मोबाईलवर ढोलताशा अगदी बारीक आवाजात ऐकवायचा, मुलाला सोसेल तसा वाढवायचा, सोसेना तर तिथेच थांबायचं. कानांवर लावायला हेडफोन. आणि एक खूण ठरवायची, तळहात वर केला की निघायचं. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा प्रसंगांच्या छोट्या गोष्टी लिहून मुलांना आधी वाचून दाखवण्याची रीत रुजवली. आपल्याकडे हे काम आजी उत्तम करते.

१९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आला. पण कायद्यात नाव आलं तरी जतहून सांगलीला किंवा माणमधून साताऱ्याला उपचारासाठी रोज कोण येणार? म्हणून थेरपिस्टने मुलाइतकंच घरच्यांना शिकवायला हवं.

मुलाने तळहात वर केला की त्याच क्षणी निघायचं, आरती अर्धी राहिली तरी. नातेवाईक म्हणतील, फार लाड करता. म्हणू देत. आपली खूण चालते हे एकदा कळलं, तर पुढच्या वर्षी यायला तो राजी होण्याची शक्यता वाढते.